रिलिव्हर आलीच नाही

वहिनी सिस्टर आहेत. परवा नाइट करून घरी आल्या त्या दुपारी अडीचला. नाइट सुटते सकाळी आठला. रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची सिस्टर, आलीच नाही, मग मॉर्निंगही त्यांच्याच गळ्यात. जेवायला बसल्या तेव्हा मनगटावर मायक्रोपोरची (ड्रेसिंगची) चिकटपट्टी तशीच होती. त्यावर बॉलपेनने खाटेचा नंबर नि काम लिहिलेलं: १४ इंजेक्शन ६ वा., २२ रक्त, खाली ३ शुगर.

"खाली ३ म्हणजे?"

"जमिनीवरचा तिसरा पेशंट, भाऊजी."

वॉर्ड ४० खाटांचा, पेशंट ६१, रात्री सिस्टर दोन. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात शिकवणाऱ्या रुग्णालयातल्या जनरल वॉर्डात ३ पेशंटमागे १ नर्स, इतर रुग्णालयांत ५ मागे १, आणि रजा-सुट्ट्यांसाठी वर ३० टक्के जादा. हे मी वहिनींना वाचून दाखवलं. त्यांनी आमटी वाढून घेतली, बोलल्या काही नाहीत.

नर्सेसचा संप झाला की आमच्या सोसायटीत ठरलेलं वाक्य येतं, "सरकारी नोकरी आहे, अजून काय हवं?" मे २०२२ च्या अखेरीस राज्यभरातल्या परिचारिका संपावर गेल्या, तेव्हाही आलं. खरं तर त्या संपाच्या मुळाशी होतं आउटसोर्सिंग. पदं कायमस्वरूपी न भरता एजन्सीमार्फत भरायची, याला त्यांचा विरोध होता. भत्त्याची मागणी होती, नाही असं नाही, आणि का नसावी? चर्चा झाली, आश्वासन मिळालं, जूनच्या सुरुवातीला संप मिटला. मिटला म्हणजे जुलै २०२५ मध्ये त्याच परिचारिका पुन्हा आझाद मैदानात बसल्या. मागण्यांत पुन्हा कंत्राटी भरती होतीच, शिवाय वेतनश्रेणीतली तफावत. मधल्या काळात, सप्टेंबर २०२३ मध्ये, सरकारी मनुष्यबळ ९ एजन्सींकडून घ्यायचा शासन निर्णय आला आणि ओरड झाल्यावर पुढच्याच महिन्यात रद्द झाला.

आयर्लंडमध्ये हेच भांडण २०१९ मध्ये झालं. पगार इतका कमी की पदं भरत नाहीत आणि भरलेली टिकत नाहीत, असं तिथल्या नर्सेसचं म्हणणं. जानेवारी-फेब्रुवारीत ३ दिवस संप झाला. मग लेबर कोर्ट मध्ये पडलं, त्याने लेखी शिफारस केली, संप थांबला आणि संघटनेने ती शिफारस सभासदांच्या मतदानाला टाकली. शिफारशीत पगाराइतकाच वॉर्डात सुरक्षित संख्येने नर्स ठेवण्याचा मुद्दा होता. नंतर नव्या करारावरून तिथेही कुरबुरी झाल्याच. पण कागद होता, बोट ठेवायला जागा होती. आपल्याकडे 'सरकार सकारात्मक आहे' एवढ्यावर बोट कुठे ठेवणार?

मला विचाराल तर तोडग्याची सुरुवात सेवापुस्तकापासून व्हावी. सिस्टर रुजू होते तेव्हाच त्यात तिची जन्मतारीख लिहितात. ५८ व्या वर्षी ती निवृत्त होणार हे ऑफिसला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. मग जाहिरात ती गेल्यावर का निघते? वर्षभर आधी काढा, आणि किती पदं कोणत्या महिन्यात भरणार ते समझोत्यात तारखेनिशी लिहा. तारीख चुकली तर संघटनेने कुठे दाद मागायची तेही त्यातच. भत्त्याचं त्यानंतर बोला. रिलिव्हर वेळेवर आली तर निम्मा राग तिथेच उतरेल, असं माझं मत. वहिनींना हे पटत नाही. "आधी भत्ता घ्या भाऊजी, रिलिव्हर काय, आली तर आली."

आणि नर्स टिकण्याचं म्हणाल, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला. त्यात नर्सही आहेत. जाणाऱ्या मुलींना मी दोष देत नाही, मीही गेलो असतो. वहिनींच्या वॉर्डातली कंत्राटी मुलगी सध्या नाइटला तीनच्या सुमारास, सलाइन बदलून झाली की, टेबलाशी बसून जर्मन पुटपुटते: डेर, डी, दास.

वहिनी म्हणतात, "पाठ झालं तिचं. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे."