अ‍ॅसिड मारलं की कोबा तयार झाला, असं नसतं दादा

दादा, इपॉक्सी (कोब्यावर मारायचा रेझिनचा कडक थर) मारायच्या आधी कोबा मशीननं घासून घ्या, म्हणजे ग्राइंडिंग करा, असं मी लेखात लिहिलं होतं, त्यावरची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुम्ही म्हणताय की ग्राइंडिंग म्हणजे उगाच खर्चात पाडणं, दिवाळीनंतर कुपवाडच्या गोदामात नुसतं अ‍ॅसिडनं कोबा धुऊन इपॉक्सी मारलं आणि अजून एक पोपडा निघालेला नाही.

एक मान्य करतो. कोबा नवा, स्वच्छ आणि निदान २८ दिवस मुरलेला असेल तर छोट्या जागेला अ‍ॅसिड चालतं, हे मी लेखात लिहायला पाहिजे होतं. पण नंतर त्या अ‍ॅसिडचा जोर सोड्याच्या पाण्यानं मोडून कोबा परत साध्या पाण्यानं धुवायला लागतो आणि एवढं पाणी प्यालेला कोबा आतून वाळायला वेळ घेतो, तिथंच सगळे घाई करतात.

आणि अ‍ॅसिड सिमेंट खातं, तेल नाही. गॅरेज, लेथचं वर्कशॉप असलं की आधी डीग्रीझरनं घासून तेल काढायचं. मग पाण्याचे चार थेंब टाकून बघा, लगेच जिरले तर ठीक, मोत्यासारखे वर बसून राहिले तर तिथं इपॉक्सी धरणार नाही.

माझा खरा जीव अडकलाय तो सायीत. कोबा घोटताना सिमेंटचं पाणी वर येऊन जी पातळ साय धरते ना, ती ठिसूळ असते. मिरजेत एका शेडमध्ये ट्रॉली वळायची तिथंच पोपडे सुटले होते, एक उचलून उलटा केला तर मागं पांढरट सिमेंट चिकटलेलं, म्हणजे इपॉक्सीनं साय घट्ट धरली होती, सायीनंच खालचं काँक्रीट सोडलं. मालकाचा डबल खर्च झाला हो, फार वाईट वाटलं. डायमंड ग्राइंडर ती साय काढून सँडपेपरसारखा खरखरीतपणा देतो, मग धूळ व्हॅक्यूमनंच ओढायची, झाडूनं ती परत छिद्रात बसते.

राहिली ओल. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिक चारी बाजूनी टेपनं चिकटवा आणि १६ तासांनी उचला, खाली दव दिसलं किंवा कोबा काळपट पडला तर थांबा. पण कृष्णाकाठी २०१९ आणि २०२१ चा पूर आपण बघितलाय, कोब्याखाली प्लॅस्टिक घातलेलं नसेल तर उन्हाळ्यात कोरडा वाटणारा कोबा पावसाळ्यात खालून ओल ओढतो. तुमच्या कामानं अजून पावसाळा बघितलेला नाही. ऑगस्टमध्ये एक रुपयाच्या नाण्यानं जागोजागी वाजवून बघा, पोकळ आवाज आला किंवा फुगा दिसला तर तेवढा तुकडा काढून मागच्या बाजूचा फोटो मला पाठवा, सिमेंट चिकटलंय की नुसती ओल आहे ते बघून पुढचं सांगतो.