‘नीट कुजवलं की झालं’ इतकं सोपं नाही

सोनखत (माणसाच्या मैल्याचं खत) आणि सांडपाणी शेतीला वापरावं, असं सांगणारा एक लेख वाचला; ते म्हणणं पटलं. पण त्यात मैला ‘नीट कुजवलं की झालं’ एवढ्यावर विषय उरकलाय, तिथे अडलो. खरी मेख आहे ती मैल्यातल्या जंताच्या अंड्यांत. बहुतेक जिवाणू त्यामानाने लवकर मरतात; गोल जंताची अंडी मात्र ओल्या मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. म्हणून कुजणाऱ्या खताच्या ढिगाचं तापमान किमान आठवडाभर ५० अंशांच्या वर राहायला हवं, आणि ते कडेच्या भागातही. म्हणजे ढीग परतणं आलंच. नुसतं काळं भुसभुशीत रूप बघून भुलू नका.

लघवी वेगळी साठवली तर काम बरंच हलकं होतं. नत्राचा मोठा वाटा तिच्यातच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे २० अंश किंवा जास्त तापमानात ६ महिने साठवली की ती सगळ्या पिकांना चालते. डबा घट्ट बंद हवा, नाहीतर नत्र अमोनिया होऊन उडून जातं (आणि शेजारी भांडायला येतात ते वेगळंच).

कारखान्यांचं पाणी मिसळलेलं सांडपाणी असेल तर मात्र सावध. जड धातू कितीही कुजवलं तरी जात नाहीत.