साहेब, घुं घुं येतंय

आमच्या जुन्या स्पीकरमधून ऐन संक्रांतीच्या आठवड्यात तीळ पडायला लागले. निदान आईला तरी ते तीळ वाटले. "शोकेसवर काळे तीळ कुणी सांडले?" असं तिने दोनदा विचारलं. बायकोला वेगळीच शंका आली आणि तिने मला माळ्यावरचा पिंजरा खाली काढायला लावला. त्यात भजं अडकवून आम्ही तीन रात्री वाट पाहिली. चौथ्या दिवशी सकाळी मी अभंग लावले, तेव्हा डाव्या स्पीकरने 'फर्र' केलं आणि माझ्या डोळ्यांदेखत चिमूटभर तीळ ओकले.

जाळी काढली तर आत कोनाच्या, म्हणजे आवाज काढताना आतबाहेर हलणाऱ्या शंकूच्या, कडेची फोमची पट्टी पार कुजलेली. बोट लावलं की भुगा. दमट हवेत ही पट्टी पंधरा-वीस वर्षांत अशीच जाते म्हणे. आमची पंचविशीची होती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला घेतलेला तो संच. बायको भुगा झाडताना म्हणाली, "टिकलं म्हणायचं तसं बरंच." हे ती नक्की कशाबद्दल बोलली ते मी विचारलं नाही.

नव्या स्पीकरसाठी घरच्या अर्थसंकल्पात १२,००० रुपये मंजूर झाले. तिची अट एकच, दिसायला बरे घ्या. माझीही एकच होती. मला तंबोऱ्याचा खर्ज ऐकू यायला हवा होता. मी काही गाणारा नाही. सवाई गंधर्व महोत्सवाला मागच्या बाजूला, खाण्याच्या स्टॉलकडे सटकायला सोपं पडेल अशा बेताने बसणाऱ्यांतला मी. पण तिथे गाण्याआधी तंबोरे लागतात आणि ती शेवटची जाड तार वाजते, तेव्हा पोटात काहीतरी जागच्या जागी बसल्यासारखं वाटतं. तेवढं घरी व्हावं, बाकी काही मागणं नव्हतं.

सल्ल्याला मी भाच्याकडे गेलो. त्याच्या कानात सदैव काहीतरी खुपसलेलं असतं, त्यामुळे त्याला आवाजातलं कळत असणार असा माझा समज.

"मामा, तुला ॲक्टिव्ह हवेत की पॅसिव्ह?"

ॲक्टिव्ह म्हणजे ज्यांच्या पोटातच ॲम्प्लिफायर असतो ते. पॅसिव्ह म्हणजे ज्यांना बाहेरून कुणीतरी जोर दिल्याशिवाय तोंडातून आवाज निघत नाही. आमच्या सोसायटीच्या कमिटीत दोन्ही प्रकार असल्यामुळे हा फरक मला चटकन कळला. पुढचं मात्र जड गेलं. मी कौतुकाने म्हटलं, "एका ठिकाणी ३,००० वॅटचे मिळतायत, साडेचार हजारांत." तो असा हसला की कानातलं खाली पडलं. ते वॅट पीएमपीओ होते, म्हणजे एका क्षणापुरते, तेही कागदावर. खरे वॅट आरएमएसचे, सतत निघणारे. मी घरी येऊन हिशोब केला. आमच्या इमारतीची पाण्याची मोटर एक हॉर्सपॉवरची, म्हणजे ७४६ वॅटची. त्या स्पीकरचं खरं धरलं तर त्यांनी चार इमारतींच्या टाक्या भरून वर गाणीही म्हणायला हवी होती.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती मला अजून पचलेली नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला हवा असेल तर वॅट दहापट लागतात. पगारवाढीचं आणि सुखाचं गणित कुणीतरी आधीच स्पीकरमध्ये बसवून ठेवलंय. आणि घरात नेहमीच्या आवाजात ऐकताना खर्च होतो साधारण एक-दोन वॅट. म्हणजे ३,०००मधले २,९९८ शेजाऱ्यांना घाबरवायला.

मग त्याने माझे कान तपासले. सूर किती उंच ते हर्ट्झमध्ये मोजतात, आणि माणसाला २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं असं पुस्तकात असतं. भाच्याने मोबाइलवर एक सूर लावला आणि तो चढवत नेला. मी मान डोलावत होतो. मग तो नुसताच माझ्याकडे बघत बसला.

"लाव की पुढचा," मी म्हटलं.

"चालूच आहे मामा. आजीच्या मांडीवरचं मांजर बघ."

मांजर कान टवकारून उभं होतं. माझं दुकान साडेअकरा हजारांवर बंद झालं होतं. खोक्यावर '२०,००० हर्ट्झपर्यंत' लिहिलेला कुठलाही स्पीकर घेतला तरी वरचे साडेआठ हजार मी मांजरासाठी घेणार होतो.

पण माझा जीव खालच्या टोकात अडकला होता. पुरुषांच्या काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरातल्या, तंबोऱ्यात खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते. खोक्यांवर लिहिलेलं असतं '६० हर्ट्झपासून'. म्हणजे खर्ज खिशात, असं मला वाटलं. पण किती डेसिबल इकडेतिकडे धरून, ते लिहिलेलं नसेल तर त्या साठाला अर्थ नाही. स्थळाच्या पत्रिकेत लिहिलेल्या उंचीसारखाच तो आकडा. प्रत्यक्ष उभं करून बघावं लागतं.

म्हणून तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात विजेची वस्तू घ्यायची तर माणूस शेवटी तपकीर गल्लीतच उगवतो. गल्ली एवढी चिंचोळी की समोरून हातगाडी आली तर आपण आपोआप कुठल्या तरी दुकानात शिरतो आणि गिऱ्हाईक होतो. मी शिरलो त्या दुकानात एका मंडळाची पोरं आधीच बसली होती. त्यांचं म्हणणं सोपं होतं, "छातीत धडकलं पाहिजे." मालकाने काहीतरी लावलं आणि माझी पासबुकं ठेवलेली कापडी पिशवी मांडीवर उडाली. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी कायद्याची मर्यादा आहे. ती पोरं एवढ्या आवाजात चहा मागवत होती.

ती गेल्यावर मालकाने माझ्यासाठी जरा घरगुती डेमो लावला. आधी हेलिकॉप्टर आलं, मग काचेची बाटली फुटली, मग कुणीतरी उजवीकडून डावीकडे पळत गेलं. आमच्या घरी यातलं काही होत नाही असं मी नम्रपणे सांगितलं. स्वतःचा मोबाइल जोडला आणि तंबोरा लावला.

दुकानात क्षणभर शांतता झाली. तंबोरा घुमत होता. काउंटरमागचा मुलगा अस्वस्थ झाला. त्याने एक पिन काढून परत बसवली. मग प्लगच्या मागे हात घालून काहीतरी हलवलं. स्पीकरच्या जाळीला कान लावला.

"साहेब, घुं घुं येतंय," तो अपराधी चेहऱ्याने म्हणाला. "अर्थिंग गेलंय बहुतेक. दुसरा पीस काढतो."

त्याचंही बरोबर होतं. अर्थिंग बिघडलं की घुमते ती ५० हर्ट्झची वीज. माझ्या खर्जापासून ती फार लांब नाही. मी त्याला सांगितलं की हे गाणं आहे. त्याने मालकाकडे पाहिलं. मालकाने, पंचवीस वर्षं गिऱ्हाईकं पाहिलेल्या माणसाच्या थंडपणाने, मान हलवली. मग तो मुलगा शेवटपर्यंत 'गाणं' कधी सुरू होतंय याची वाट पाहत उभा राहिला.

एका भारीतल्या शोरूममध्येही जाऊन आलो. तिथे बूट बाहेर काढायचे, सोफ्यावर नेमक्या जागी बसायचं आणि डोळे मिटायचे. तिथले गृहस्थ आवाजाला उबदार, रेशमी, मोकळा असं काहीबाही म्हणत होते. मध्येच 'थोडा कोरडा' म्हणाले तेव्हा मला पाणी प्यावंसं वाटलं. त्यांनी वायर बदलून विचारलं, "फरक कळला?" मी म्हटलं, "कळला." फरक वायरच्या किमतीत होता. तेवढ्यात आमच्याकडे फ्रिज आला असता.

शेवटी तपकीर गल्लीतूनच बुकशेल्फ जातीची एक जोडी घेतली. पॅसिव्ह, आठ ओम, खालचे सूर वाजवणारा चार इंची वूफर, ७,५०० रुपये. हाताच्या पंजाएवढा ॲम्प्लिफायर ३,८००. राहिलेल्या सातशेतून रिक्षा आणि पाच मीटर साधी वायर. लाल-काळी वायर वीस रुपयांनी महाग होती. साध्या वायरीत दोन्ही तारा पांढऱ्याच असतात, फक्त एकीवर केसाएवढी रेघ असते. "रेघ बघून जोडा, काका," मालकाने बजावलं. मी हो म्हटलं. चष्मा घरी होता.

स्पीकर कुठे ठेवायचे यावर भाच्याचं मत समभुज त्रिकोण असं होतं. दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर आणि तिसऱ्यात मी, वरचे सूर वाजवणारा ट्वीटर कानाच्या उंचीला. पण आमच्या दिवाणखान्यात तिसऱ्या कोपऱ्यात शिलाई मशीन आहे आणि ते १९९८पासून हललेलं नाही. बायकोने एका नजरेत प्रश्न सोडवला. "शोकेसवर. एक या टोकाला, एक त्या टोकाला." मध्ये गणपती. आईने दोन्ही स्पीकरवर क्रोशाचे रुमाल घातले. ते पुढून लोंबायला लागल्यावर मी विनंती केली, तेव्हा तिने ते दोन बोटं मागे घेतले.

पहिल्या रात्री दिवे मालवून जुनं नाट्यगीत लावलं. आवाज बारीक होता. खरं तर पोकळ होता. पण ११,३०० रुपये खर्च केलेल्या माणसाला पोकळ ऐकू येत नाही. मला तो 'प्रामाणिक' वाटला. शिवाय एक चमत्कार होता. गाणारा कुठे बसलाय ते कळतच नव्हतं. कधी पडद्यामागे, कधी पंख्यापाशी, कधी चक्क माझ्या डोक्यात. पुढच्या रविवारी मेव्हणे आले तेव्हा त्यांना बसवून मी व्याख्यान दिलं. "आवाज स्पीकरमधून येतोय असं वाटतंय का? नाही ना? याला आवाजाची खोली म्हणतात." मेव्हणे गुळगुळीत माणूस. "वा," म्हणाले, "सगळीकडून येतोय." खर्ज तेवढा कुठूनच येत नव्हता. त्याचा दोष मी चार इंची वूफरला दिला, मग ध्वनिमुद्रणाला, आणि एकदा तर तंबोरा लावणाऱ्यालाही.

तीन आठवडे असे थाटात गेले. मग गिझर बिघडला.

वायरमन आला, त्याने गिझरचं काम केलं आणि पैसे घ्यायला दिवाणखान्यात उभा राहिला. गाणं चालू होतं. त्याने मान तिरकी केली.

"साहेब, एक बॉक्स उलटा वाजतोय."

मी त्याला आवाजाच्या खोलीबद्दल सांगायला लागलो. तो सहा वर्षं मंडपवाल्याकडे होता, त्यामुळे त्याने ऐकून घेतलं नाही. "सेल आहे का पेन्सिल?" मी ड्रॉवर उपसत असताना त्याने भिंतीवरच्या घड्याळातलाच काढला. घड्याळ अकरा वीसला थांबलं. त्याने रुमाल बाजूला केले, जाळ्या काढल्या, ॲम्प्लिफायरकडची वायरची टोकं सोडवली आणि सेलला टेकवली. रेघेची तार प्लसला. डावा कोन 'टक' करून बाहेर आला. मग उजव्याची टोकं, तशीच. उजवा कोन 'टक' करून आत गेला.

"बघा. हा ढकलतोय आणि तो ओढतोय. बेस जागेवरच मरतो."

आणि ज्याला मी आवाजाची खोली म्हणत होतो तीही यातलीच. माझी जुनी ध्वनिमुद्रणं मोनो, दोन्हीकडे तंतोतंत तोच आवाज. एकाने द्यायचा, दुसऱ्याने काढून घ्यायचा. उरलेलं बिचारं घरभर जागा शोधत फिरणार नाही तर काय.

त्याने उजव्याच्या तारा बदलल्या आणि गाणं लावलं. गायक पडद्यामागून, पंख्यावरून उठून आला आणि गणपतीच्या जागी मांडी घालून बसला. मी वायरमनला विचारलं, याचे किती? "याचे काय घ्यायचे, साहेब," तो म्हणाला. त्यापेक्षा त्याने पाचशे मागितले असते तर बरं झालं असतं. तो सेल खिशात घालून गेला हे दुसऱ्या दिवशी कळलं, अकरा वीसलाच.

मी तंबोरा लावला. पहिल्या तीन तारा झाल्या आणि मग खर्ज आला. भरीव, रुंद, जमिनीतून वर येणारा. त्याच्याबरोबर दुसराही एक आवाज आला. किर्रर्र. तार गेली, किर्रर्र थांबलं. पुन्हा खर्ज, पुन्हा किर्रर्र.

"साहेब, घुं घुं येतंय," असं कुणी म्हणालं नाही, पण आई आतून ओरडली, "कोण कप खडखडवतंय रे?"

शोकेसमध्ये आमच्या लग्नात आलेला बोन चायनाचा टी-सेट आहे. सहा कप, सहा बश्या, किटली. तो आख्खा संच काळी एकमध्ये होता. बाकी कुठल्याही सुराला ढिम्म. खर्ज लागला की अंगात आल्यासारखा थरथरायचा. स्पीकर खाली घ्यावेत असं मी सुचवलं, तर 'खाली कुठे?' या प्रश्नाला उत्तर नव्हतं. टी-सेट माळ्यावर टाकावा हे बोललोच नाही, कारण तो बायकोच्या मावशीने दिलेला आहे. "आधी वाजत होतं तेच बरं होतं," बायको म्हणाली. "करा ती वायर परत उलटी."

ते मात्र मी होऊ दिलं नाही. सध्या बश्यांच्या मध्ये वर्तमानपत्राचे चौकोन आहेत, किटलीत हातरुमाल आहे आणि सहा कपांत माझे सहा मोजे. धुतलेले. खर्ज लख्ख ऐकू येतो. पाहुणे आले की आधी मोजे काढायचे आणि मग चहा गाळायचा, एवढा क्रम सांभाळावा लागतो. तो आजवर एकदाच चुकला, मेव्हणे आले होते तेव्हा. पण ते डोळे मिटून आवाजाची खोली ऐकत होते.