ठिपका वाक्यं प्रमाणम्

ऑनलाइन 'गो'चा, म्हणजे काळ्या-पांढऱ्या खड्यांनी पटावरची जागा घेरण्याच्या खेळाचा, डाव हरलात? छान. आता चुकूनही पटाकडे बघत बसू नका. प्रतिस्पर्ध्याला 'धन्यवाद' म्हणण्यातही वेळ घालवू नका. थेट एआय विश्लेषणाचं बटण दाबा. आपण कुठे चुकलो हे आठवण्याचा प्रयत्न करणारे लोक जुन्या काळातले. तेव्हा केजीएस या गोच्या संकेतस्थळावर कुणी दान, म्हणजे वरच्या दर्जाचा, खेळाडू भेटला की त्याची मनधरणी करून डाव तपासून घ्यावा लागे, आणि तो आधी विचारी, "इथे तुझा विचार काय होता?" असले खाजगी प्रश्न यंत्र विचारत नाही. विचार नव्हताच, हे गुपित तुमच्यापाशी सुरक्षित राहतं.

आलेख उघडला की फक्त जिंकण्याच्या शक्यतेचे टक्के बघा. शेजारी गुणांचा अंदाजही दिलेला असतो. काटागो हे गो खेळणारं एआय किती गुणांनी कोण पुढे आहे तेही सांगतं, पण त्याकडे दुर्लक्ष करा. गुण फार मिळमिळीत असतात. 'या चालीने तीन गुण गेले' यात काय थरार? त्याच चालीने जिंकण्याची शक्यता ७८ टक्क्यांवरून ४० वर आली, म्हणजे कसा कडा कोसळल्यासारखा वाटतो! डावाच्या अखेरीस तर अर्ध्या गुणाने पुढे असलेल्यालाही यंत्र ९९ टक्के देतं, कारण त्याच्या हिशेबी पुढच्या सगळ्या चाली अचूक होणार असतात. तुम्ही बारा क्यू, म्हणजे अजून शिकाऊ दर्जाचे, आहात आणि पुढच्याच चालीला स्वतःचे सात खडे आतारीत, म्हणजे एका चालीत मारले जातील असे, ठेवणार आहात, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तेव्हा मित्रांना सांगताना "मी ९९ टक्के जिंकलेला डाव हरलो" असंच सांगा. खोटं एक अक्षर नाही.

आता निळा ठिपका. बऱ्याच ठिकाणी यंत्राची पहिली पसंती निळ्या रंगात दिसते. तुमची चाल तिथे नसेल तर ती चूक. शेजारच्या ठिपक्यात आणि त्यात ०.२ गुणांचा फरक असला तरी चूकच. ठिपक्यावर बोट ठेवलं की वीस चालींची मालिका उलगडते. ती पाचव्या चालीपर्यंत बघा, "हां हां" म्हणा आणि पुढे सरका. सहाव्या चालीला प्रतिस्पर्ध्याने भलतीकडे खडा ठेवला तर काय करायचं, हे स्वतः ठेवून बघण्याची सोयही असते. पण ती कष्टाळू माणसांसाठी.

ओजीएस या गोच्या संकेतस्थळावर फुकट खातं असेल तर डावातल्या सगळ्यात महागात पडलेल्या तीन चालीच दाखवतात, पूर्ण डावाचं विश्लेषण वर्गणीदारांना. बारा क्यूच्या डावात तीन चुका म्हणजे अडीचशे चालींमधल्या तीन. हा अन्याय आहे. वर्गणी भरा, मग उरलेल्या चुकाही दिसतील, आणि सगळ्याच दिसल्यावर कुठलीच सुधारायची गरज भासणार नाही. काटागो २०१९पासून खुलं आहे, केट्रेन किंवा लिझी हे सॉफ्टवेअर घेऊन ते आपल्याच संगणकावर फुकट चालवता येतं, हे जाणकार सांगतील. ऐकू नका. स्वतःच्या संगणकावर यंत्राला हवे तेवढे प्लेआउट, म्हणजे विचारात खेळून बघायचे डाव, देता येतात, मग "प्लेआउट कमी होते, म्हणून माझी चाल वाईट दिसली" हे हुकमी कारण हातचं जातं.

शिकलेलं लगेच वापरा. गूगल डीपमाइंडच्या अल्फागो या एआयने १० मार्च २०१६ रोजी कोरियाचा अव्वल खेळाडू ली सेडॉल याच्याविरुद्ध दुसऱ्या डावात ३७वा खडा कडेपासून पाचव्या ओळीवर ठेवला आणि भाष्यकारांची बोलती बंद झाली. तुम्हीही पाचव्या ओळीवर ठेवा. बोलती बंद होईल, कारण वेगळं असेल. एआयमुळे डावाच्या सुरुवातीलाच प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात तीन-तीनवर, म्हणजे दोन्ही कडांपासून तिसऱ्या ओळीवर, शिरणं रूढ झालं आहे, तर तुम्हीही शिरा. कोपरा घ्या, प्रतिस्पर्ध्याला बाहेर भक्कम भिंत बांधून द्या आणि त्या भिंतीचं पुढे काय करायचं असतं हे त्याला ठाऊक नसू दे अशी प्रार्थना करा. आणखी एक: अल्फागो पुढे असताना आरामात गुण सोडून द्यायचा, कारण त्याला फक्त जिंकण्याशी मतलब होता. गुण सोडण्याचा तेवढा भाग तुम्हाला आधीपासूनच येतो.

एक अनपेक्षित सुख सांगायचं राहिलं. त्याच सामन्याच्या चौथ्या डावात ली सेडॉलने ७८वी चाल खेळली आणि अल्फागो कोलमडला. ५ पैकी तो एकच डाव माणसाने जिंकला. पुढे यंत्रांनी दाखवलं की अचूक उत्तर मिळालं असतं तर ती चाल चाललीच नसती. म्हणजे आता तुम्ही चहा पिता पिता ली सेडॉललाही "इथे चुकलास बाबा" म्हणू शकता. आयुष्यात शिचो, म्हणजे पळणाऱ्या खड्यांचा जिन्यासारखा पाठलाग, नीट वाचता आला नाही तरी चालेल.

यंत्राने तुमच्या लाडक्या चालीला लाल ठरवलं तर मात्र बाजू बदला. अशा वेळी आठवा की संशोधकांनी काटागोलाही फसवणारी युक्ती शोधून काढली होती: यंत्राला त्याच्या खड्यांचा गोलाकार गट करायला लावून तो घेरला की यंत्राला आपला गट मरतोय हेच कळत नसे. २०२३मध्ये एका हौशी खेळाडूने ती वापरून अशा बॉटला हरवलंही. "एआयही चुकतं" हे वाक्य खिशात असू द्या. ते फक्त तुमच्या चालींपुरतं वापरा, प्रतिस्पर्ध्याच्या नव्हे.

आणि डाव संपेपर्यंत थांबायचं तरी कशाला? दुसऱ्या खिडकीत काटागो उघडून ठेवलं की विश्लेषण चालीआधीच मिळतं. नियमात हे बसत नाही. २०२०मध्ये कोरियात एका व्यावसायिक खेळाडूवर ऑनलाइन सामन्यात असं केल्याबद्दल एक वर्षाची बंदी आली. पण फायदा बघा: समोरच्यानेही खिडकी उघडली असेल तर दोन यंत्रं खेळतील, तुम्ही दोघे नुसते खडे ठेवाल, आणि विश्लेषणात आलेख कसा आखल्यासारखा सरळ येईल. त्याचं चित्र मात्र लगोलग जतन करून ठेवा, खातं बंद झाल्यावर ते पुन्हा उघडता येईलच असं नाही.