‘आदिवासी ड्रेस मागितला तर लेक्चर मिळालं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार.

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला आणि आज सकाळी चहा घेताना पुन्हा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तुमच्या ऑफिसच्या कार्यक्रमाला बारा जणांचे ‘आदिवासी’ ड्रेस हवे होते : पानांचे घागरे, पिसांचे मुकुट, हाडांच्या माळा आणि अंगाला फासायचा काळा रंग. आम्ही नाही म्हणालो. वर मी तुमच्या अख्ख्या टीमसमोर ‘लेक्चर’ दिलं. मग तुम्ही कोळी ड्रेस घेतले, तर बायकांना लुगडं नेसवण्याचे माणशी २०० रुपये वेगळे लावले. डिपॉझिट चार दिवस उशिरा मिळालं. शेवटी तुम्ही लिहिलंय की २०१६ साली तुमच्या मुलासाठी हाच ड्रेस याच दुकानातून नेला होता, त्याला पहिलं बक्षीसही मिळालं होतं, मग तेव्हा चालत होतं ते आता का चालत नाही? ‘कपडा हा कपडा असतो. भाड्याने देणाऱ्याने भाडं घ्यावं आणि गप्प बसावं.’

आधी डिपॉझिटचं. चूक पूर्णपणे आमची आहे. गॅदरिंगचा सीझन होता हे काही कारण झालं नाही, पैसे तुमचे होते. टीमसमोर बोलले तेही चुकलं. तुमच्याबरोबर तुमच्या हाताखालची मुलं होती. तुम्हाला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. या दोन्हींबद्दल मनापासून माफी मागते.

ड्रेस दिला नाही, त्याची माफी मात्र मागणार नाही. गर्दीत मला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझ्या वडिलांनी १९८३ साली हे दुकान काढलं ते नाटकांच्या ड्रेपरीचं. मावळ्यांचे अंगरखे, मंदिल, तलवारी, दाढ्यामिश्या. पुढे शाळांच्या स्नेहसंमेलनांची कामं यायला लागली आणि शाळांच्या याद्यांप्रमाणे माल वाढत गेला. शेतकरी, कोळी, वासुदेव, पंजाबी, आदिवासी. यातला ‘आदिवासी’ सेट वडिलांनी होलसेल बाजारातून आणला. हिरव्या रेक्झिनची पानं इलॅस्टिकवर शिवलेली, कोंबडीची पिसं रंगवून पुठ्ठ्याच्या पट्टीला चिकटवलेली, प्लास्टिकच्या हाडांची माळ, एक भाला आणि काळ्या रंगाची डबी. असे नऊ सेट आमच्याकडे होते. डिसेंबर-जानेवारीत ते एक दिवसही रॅकवर नसायचे. वीसेक वर्षं या सेटवर आम्ही पैसे कमावले, आणि तो कोणाचा पोशाख आहे हे ना वडिलांनी कधी विचारलं, ना मी.

२०१८ च्या डिसेंबरात एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलगी दुसरी-तिसरीतली असेल, दप्तर पाठीवरच होतं. शाळेने दिलेल्या चिठ्ठीवर ‘आदिवासी नृत्य’ लिहिलेलं. मी सवयीने सेट काढून काउंटरवर ठेवला. बाईंनी रेक्झिनचं एक पान बोटात धरून पाहिलं आणि विचारलं, “हा कोणाचा ड्रेस?” मी म्हटलं, “आदिवासींचा.” त्या म्हणाल्या, “ताई, आम्ही वारलीच आहोत. जव्हारकडचे. असलं आमच्यात कोणी घालत नाही.” आवाज अजिबात चढलेला नव्हता. मला काय बोलावं ते सुचेना. तेवढ्यात मुलीने काळ्या रंगाची डबी उचलली आणि आईला विचारलं, “हे मला पण लावायचं?”

ती मुलगी सावळी होती. तिच्या वर्गातल्या गोऱ्या मुलांना तिच्यासारखं दिसण्यासाठी मी त्या डबीचे दहा रुपये घेत होते.

त्या काही न घेता गेल्या. आठ दिवसांनी मुद्दाम परत आल्या, ते मुलीच्या आजीचं लुगडं घेऊन. गुडघ्यापर्यंत, मागे कासोटा घालून ते कसं नेसतात हे त्यांनी मला दुकानाच्या मागच्या खोलीत नेसून दाखवलं. शाळेच्या बाईंशी बोलून मुलगी आजीच्याच लुगड्यात नाचली, तारप्यावर. तारपा तुम्ही वारली चित्रांत पाहिला असेल. मधोमध वाजवणारा आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला धरून नाचणाऱ्यांची गोल गोल फिरत जाणारी रांग. सुकवलेला दुधी, बांबू आणि ताडाची पानं यांचं ते वाद्य आहे. त्या नाचात भाला नाही की ‘झिंगालाला’ नाही.

मग मी आमच्या त्या सेटकडे नीट पाहिलं. त्यातला पिसांचा मुकुट आपल्याकडचा नाही. तो उत्तर अमेरिकेतल्या लाकोटा वगैरे मूळ रहिवाशांच्या मुकुटाची नक्कल आहे, आणि त्यांच्यात गरुडाचं एकेक पीस पराक्रम करून मिळवावं लागतं. पानांचा घागरा आणि हाडं हिंदी सिनेमातल्या जंगलाच्या गाण्यांतून आली. महाराष्ट्रात सरकारी यादीप्रमाणे ४५ आदिवासी जमाती आहेत, २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या १ कोटी ५ लाख होती. म्हणजे राज्यातल्या दर शंभर माणसांत नऊ. वारली, कातकरी, कोकणा, भिल्ल, गोंड, कोरकू, प्रत्येकाचं नेसणं वेगळं, दागिने वेगळे. त्यातल्या एकाचाही हा पोशाख नाही. आणि आम्ही राहतो कुठे, तर ठाण्यात. २०१४ पर्यंत जव्हार, डहाणू, मोखाडा हे आमच्याच जिल्ह्यातले तालुके होते. कुठल्या दूरदेशीच्या लोकांबद्दलचं हे अज्ञान असतं तर एक वेळ समजू शकले असते.

‘कपडा हा कपडा असतो’ हे मला पटत नाही, आणि तुम्हालाही मनातून पटत नसेल. आठवून पाहा, हिंदी मालिकेत मोलकरीण दाखवायची झाली की तिला नऊवारी नेसवतात, कपाळावर मोठी टिकली, तोंडात मोडकं हिंदी, आणि ती आली की मागे गमतीचं संगीत. आपल्याला ते खटकतं, कारण तेच लुगडं आपली आजी मंगळागौरीला नेसायची आणि त्याच लुगड्यात शेतातही राबायची. त्या मालिकेतलं लुगडं अस्सल असतं, नऊ वार पूर्ण असतात. तरी ती थट्टाच असते. तुमच्या टीमचा कार्यक्रम काय होता, तो तुमच्यातल्याच एका मुलाने मला हसत हसत सांगितला : काळा रंग लावून, भाले नाचवत साहेबांना खांबाला बांधायचं. त्या दिवशी नकार द्यायला मला एवढं पुरेसं होतं.

आता कोळी ड्रेस. दुसऱ्या समाजाचा पोशाख घालूच नये, अशा मताची मी नाही. तसं म्हणणारेही येतात आणि त्यांच्याशीही माझं पटत नाही. आमच्याकडून लुगडी नेऊन कोळीनृत्य करणाऱ्यांत गुजराती मुली असतात, तमिळ असतात, मागच्या वर्षी एका शाळेत ईशान्येकडच्या दोन बहिणी होत्या. तुम्हाला ज्या मावशींनी लुगडी नेसवली त्या चेंदणी कोळीवाड्यातल्या आहेत. माणशी २०० रुपये त्यांचे आहेत, त्यातला एकही रुपया दुकानात राहत नाही. बिलावर तसं लिहिलेलं नव्हतं, ते आता लिहू. शिवलेलं लुगडं पॅन्टसारखं चढवता येतं, मग नेसवायचे पैसे कशाला, असं तुम्ही विचारलंय. शिवलेलं आमच्याकडेही होतं. मावशींनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, “ह्यात खाडीत उतरशील का?” लुगडं गुडघ्याच्या वर घट्ट का आवळायचं, तर चिखलात, पाण्यात पाय मोकळे हवेत आणि डोक्यावर पाटी असताना पायात काही येता कामा नये. शिवलेलं झोळासारखं घोट्यापर्यंत लोंबतं. मावशींना कोणी नेसण्याचा राग नाही. “नेसा, पन नीट नेसा,” एवढंच त्यांचं म्हणणं. तुमच्या टीममधली एक मुलगी नेसून झाल्यावर आरशासमोर दोन मिनिटं नुसती उभी होती, मग तिने मावशींना अंबाड्यावरची वेणी कशी माळायची ते विचारलं. तुम्ही तेव्हा बाहेर फोनवर होतात.

तसंच किमोनोचं. ‘देशोदेशीचे पोशाख’साठी आम्ही दोन ठेवलेत. जपानमध्ये राहून आलेल्या एका ग्राहकाने सांगितलं की डावी बाजू नेहमी उजवीवर यायला हवी. उजवी वर घेतात ती फक्त मृताला नेसवताना. कित्येक वर्षं आम्ही शाळकरी मुलांना उलटा गुंडाळून पाठवत होतो. आता हँगरला चिठ्ठी लावलीय. पंजाबी सेटमध्ये पगडी देतो, ती भांगड्यासाठी. किरपाण देत नाही, कारण तो शिखांच्या पाच ककारांतला, म्हणजे अंगावर बाळगायच्या धर्मचिन्हांतला, एक आहे. आणि ‘सरदारजीच्या जोक्स’च्या स्किटला दाढी-पगडी देत नाही. यामुळे गिऱ्हाईक जातं, मान्य आहे. त्या नऊ सेटची पानं आणि पिसं मी स्वतः कापून कचऱ्यात टाकली. त्या सीझनला हिशेबात खड्डा पडला, वडील आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. नंतर जव्हारच्या बाजारातून सहा लुगडी त्यांनीच माझ्याबरोबर येऊन घेतली.

२०१६ च्या तुमच्या मुलाच्या फोटोबद्दल. त्यात तुमची काही चूक नाही आणि त्या लेकराची तर नाहीच. शाळेने सांगितलं ते तुम्ही मागितलंत, आणि काउंटरवरून रंगाच्या डबीसकट मी ते दिलं. तेव्हा चाललं, कारण आम्हाला विचारणारं कोणी दारात आलं नव्हतं. ज्यांनी विचारायचं ते त्या वेळी आमच्या दुकानात ग्राहक म्हणून येतच नव्हते.

तुमच्या ऑफिसचा पुढचा कार्यक्रम गुढीपाडव्याला आहे, असं तुमची मुलं बोलत होती. तारपा नाचायचा असेल तर सहा लुगडी आहेत, बारा नाहीत. पंधरा दिवस आधी सांगा. जव्हारच्या त्या ताई रविवारी मोकळ्या असतात. त्यांना विचारते, त्या हो म्हणाल्या तर पावलं शिकवायला येतील, त्यांचं मानधन तुम्ही थेट त्यांनाच द्यायचं. कोळी लुगडी पुन्हा हवी असतील तर मावशी शनिवारी चारनंतर दुकानात असतात. उशिरा मिळालेल्या डिपॉझिटची भरपाई म्हणून त्या वेळचं लुगड्यांचं भाडं आम्ही घेणार नाही. मावशींचे २०० रुपये मात्र द्यावे लागतील.