येतं, पण सांगत नाही

जुना लॅपटॉप टाकून न देणारी माणसं दोन प्रकारची असतात. काही जण तो माळ्यावर ठेवतात आणि विसरतात, ते सुखी. बाकीचे त्याच्यावर नवं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, चढवायला बसतात. मी या बाकीच्यांतला. माझा लॅपटॉप पेंटियम एम प्रोसेसरचा, म्हणजे 2003 साली बाजारात आलेल्या पिढीतला. बिजागऱ्या शाबूत, कीबोर्ड दणकट, पडदा स्वच्छ. बॅटरी तेवढी नावापुरती आहे. वायर निघाली की गडी जागच्या जागी समाधी घेतो. असं यंत्र टाकवत नाही.

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम जुन्या यंत्रांना जीवदान देते, असं सगळेच सांगतात. ते खरंही आहे. मी मोठ्या भक्तिभावाने सीडी जाळली (पेनड्राइव्हवरून बूट होणं या यंत्राला ठाऊक नाही), ती आत सरकवली, आणि काळ्या पडद्यावर जे उमटलं त्याचा मथितार्थ असा: या कर्नलला लागणारी एक गोष्ट तुमच्या सीपीयूत (म्हणजे प्रोसेसरात) नाही, ती म्हणजे पीएई, तरी आपल्या सीपीयूला शोभेलसं कर्नल वापरावं.

आता हे पीएई प्रकरण काय आहे? 32 बिटी प्रोसेसरला एरवी 4 जीबीपर्यंतच मेमरी दिसते. पीएईमुळे मेमरीचा पत्ता 36 बिटांचा होतो आणि मजल 64 जीबीवर जाते. ही सोय 1995 सालच्या पेंटियम प्रोपासून आहे. माझ्या लॅपटॉपमध्ये मेमरी आहे 1 जीबी. दोन्ही खाचा भरल्या तरी 2 जीबीच्या वर जायची त्याची टाप नाही. तर 64 जीबी हाताळता येत नाहीत, म्हणून या 1 जीबीवाल्याला दारातूनच परत पाठवलं होतं.

बाजू कर्नलचीही ऐकली पाहिजे. एनएक्स नावाची एक सुरक्षा-सोय आहे: मेमरीत जिथे नुसता डेटा ठेवलाय, तिथून कोड चालू द्यायचा नाही. मेमरीत काय कुठे आहे याचे तक्ते ठेवलेले असतात, आणि 32 बिटी जगात ही सोय पीएईच्या तक्त्यांवाचून मिळत नाही. शिवाय पीएईवालं एक आणि बिनपीएईचं एक अशी दोन कर्नलं सांभाळायची कुणी? म्हणून बऱ्याच डिस्ट्रिब्युशनांनी (म्हणजे लिनक्सच्या तयार संचांनी) बिनपीएईच्या कर्नलला निरोप दिला. युक्तिवाद बिनतोड आहे. माझ्या प्रोसेसरात एनएक्स मुळातच नाही, ही बाब अलाहिदा.

पण खरी गंमत पुढे आहे. पेंटियम एमला पीएई येतं! सुरुवातीच्या पेंटियम एममध्ये पीएईची यंत्रणा आहे आणि चालतेही. फक्त कर्नल जेव्हा सीपीयूआयडीची सूचना देऊन विचारतं, ‘बाबा रे, तुला काय काय येतं?’ तेव्हा हा पठ्ठ्या इतर सगळं सांगतो आणि पीएईचं नाव काढत नाही. वर्गात एखादं मूल असतं ना, उत्तर येत असतं पण हात वर करत नाही, तसलं. नंतर आलेल्या, 533 मेगाहर्ट्‌झ बसच्या (म्हणजे प्रोसेसरला मेमरीशी जोडणाऱ्या वाटेच्या) पेंटियम एमनी हात वर केला. त्याच्या आधीचे गप्पच. का, ते त्यांच्या जन्मदात्यांना माहीत. कर्नलने तरी काय करावं? चाचणी घेऊन बघायची त्याची पद्धत नाही. सांगितलं तेवढं खरं.

आमच्यासारख्यांची दया येऊन 2014 साली, 3.15 या आवृत्तीत, कर्नलमध्ये एक पॅरामीटर घातला गेला: फोर्सपीएई. बूट होताना हा शब्द टाइप केला की कर्नल प्रोसेसरच्या मौनाकडे दुर्लक्ष करतं. इन्स्टॉल करताना तर तो दोनदा लिहावा लागतो, मध्ये आडव्या रेघा देऊन: पहिला आत्तापुरता, दुसरा इन्स्टॉल झाल्यानंतरच्या जन्मासाठी. शिवाय कर्नल बजावतं की जोखीम तुमची. आणि एवढ्यावर न थांबता स्वतःवर ‘डागाळलेलं’ असा शिक्का मारून घेतं, म्हणजे पुढे काही बिघडलं आणि मी तक्रार घेऊन गेलो, तर ऐकणाऱ्याला आधी माझे प्रताप दिसावेत.

असो. यंत्र चालू झालं. मुलगी येऊन बघून गेली.

‘झाला का सुरू?’

‘झाला की!’

‘मग आता याच्यावर काय करणार, बाबा?’

‘अपडेट.’

ती पुढे काही बोलली नाही. आईला सांगायला गेली असावी.

अपडेट मात्र करायला नको होतं असं वाटण्याजोगे प्रसंग पुढे आले. 2018 च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी जगजाहीर झाल्या. मेल्टडाउनवर उपाय असा, की कर्नलचे आणि प्रोग्रॅमांचे मेमरीचे तक्ते वेगळे ठेवायचे आणि कर्नलकडे जाता-येता दर वेळी ते बदलायचे. 32 बिटी यंत्रांसाठी हा उपाय त्याच वर्षी 4.19 मध्ये आला, आणि त्याला लागतं काय, तर पीएई! ज्याचं पीएई मी बळेच कबूल करवून घेतलं होतं, त्याच्याच डोक्यावर हे ओझं बसलं. तक्ते बदलता बदलता प्रोसेसर दमतो, पंखा किंचाळतो, आणि अक्षर टाइप केल्यावर ते पडद्यावर येईतो आपण पुढचं वाक्य विसरतो. 2019 साली हे सगळे उपाय एका फटक्यात बंद करणारा पॅरामीटर 5.2 मध्ये आला. तोही मी लिहिला. आता माझ्या बूटच्या ओळीत इतके अपवाद आहेत, की मूळ नियम कोणता होता ते शोधावं लागतं.

कुणी म्हणेल, जुन्या प्रोसेसरांबद्दल लिनक्सवाल्यांना काही माया आहे की नाही? लिनस टोरवाल्ड्सने 1991 साली लिनक्स लिहायला घेतलं ते इंटेलच्या 386 या प्रोसेसरवर. 2012 च्या डिसेंबरात त्याच 386 चा आधार कर्नलमधून काढला, तेव्हा त्याने लिहिलं, मी काही भावनाप्रधान नाही, ब्याद गेली! आपल्या पहिल्यावहिल्या प्रोसेसरला हा निरोप, तर माझ्या पेंटियम एमची काय कथा!

आणि आता तर निराळीच पंचाईत आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन 13 या डिस्ट्रिब्युशनमध्ये 32 बिटी पीसीसाठी कर्नल नाही आणि इन्स्टॉलरही नाही. त्यांना 64 बिटी प्रोसेसर हवा. पेंटियम एमला 64 बिट खरोखरच येत नाही. इथे कुठलाही ‘फोर्स’ कामाचा नाही. म्हणून कर्नल मूळ कोडपासून स्वतःच कंपाइल करायला घेतलं, दुसऱ्या लॅपटॉपवर. पर्यायांची यादी संपता संपत नाही. त्यात चक्क ‘पेंटियम एम’ असाही पर्याय सापडला तेव्हा ऊर भरून आला. पुढे मेमरीचा प्रश्न होता: 4 जीबी की 64 जीबी? मी 4 निवडलं. पीएईचा विषयच मिटला, फोर्सपीएई गेलं, तक्त्यांची अदलाबदल गेली.

फक्त त्या दुसऱ्या लॅपटॉपवर कंपाइल चालू असताना कोपऱ्यात एक खिडकी उघडली. त्याच्यावरच्या ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती आली आहे म्हणे, पण या यंत्राचा प्रोसेसर तिच्या यादीत बसत नाही.