देशाला हुकूमशहा हवाय? मग एवढं कराच

परवा मखमलाबाद रोडला मिसळ खाताना शेजारच्या टेबलावरच्या काकांनी रस्सा परत मागवत जाहीर केलं, "या देशाला हुकूमशहाच पाहिजे, त्याशिवाय प्रगती नाही." आजूबाजूच्या सगळ्या माना डोलल्या. म्हणून इच्छुकांसाठी हे थोडं मार्गदर्शन.

उदाहरण फक्त सिंगापूरचं द्यावं. झैरेच्या (आजच्या काँगोच्या) हुकूमशहा मोबुटूचं नाव चुकूनही घेऊ नये. 32 वर्षांत त्याने देश धुऊन खाल्ला आणि स्वतःच्या गावी कॉन्कॉर्ड उतरेल असा विमानतळ बांधला. सिंगापूरमध्येही 1986 मध्ये खुद्द मंत्र्याची लाचेसाठी चौकशी झाली, हे सांगू नये. मजा जाते.

हुकूमशहा मुगाबेच्या काळात, महागाई आभाळाला भिडल्यावर छापलेली झिंबाब्वेची 100 ट्रिलियनची नोट दाखवू नये. नाशिकरोडला नोटा छापणाऱ्या प्रेसवाल्यांना भोवळ येईल.

चीनची गोष्ट 1978 पासून सुरू करावी. आधीची पानं फाडावीत. कारण 1958 मध्ये माओने 'मोठी झेप' (उत्पादन झटपट वाढवायची मोहीम) घ्यायला सांगितली आणि प्रत्येक अधिकाऱ्याने साहेब खूश व्हावेत म्हणून धान्याचे आकडे फुगवून वर पाठवले. सरकारने त्या खोट्या आकड्यांवर खरं धान्य उचलून नेलं. गावंच्या गावं उपाशी मेली, कोट्यवधी माणसं! खरं बोलणाऱ्या पेंग डहुआईला, चक्क संरक्षणमंत्र्याला, 1959 मध्ये पदावरून काढलं. मग इतर कोण तोंड उघडणार? आपल्याकडे डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यातबंदी झाली तर लासलगावला लगेच लिलाव बंद पडले, बोंब दिल्लीपर्यंत गेली. ती बोंब तुम्हाला प्रगतीतला अडथळा वाटते ना? चीनमध्ये तेजी आली ती शेतकऱ्याला जास्तीचा माल विकू दिल्यावर आणि वरच्यांच्या मुदती ठरवल्यावर. राष्ट्राध्यक्षाची दोन मुदतींची अट 2018 मध्ये काढून टाकली, तेही सोयीस्करपणे विसरावं.

युगांडा आठवू नये. विशेषतः तुमचं दुकान असेल तर.

आता दुकान निघालंच आहे तर ऐका, काका. 1972 मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने तिथल्या आशियाई व्यापाऱ्यांना 90 दिवसांत हाकललं. दुकानं, कारखाने आपल्या माणसांना वाटले, आणि ते त्यांनी बुडवले. उद्या तुमच्या दुकानाला कुलूप लागलं तर कुठल्या कोर्टात जाणार? सोसायटीच्या सचिवाने हिशेब दाखवला नाही तर उपनिबंधकाकडे अर्ज घेऊन धावता, आणि अख्ख्या देशाचा हिशेब कुणीच मागू नये म्हणता? लाज वाटू द्या जरा.